तूर, हरभरा, सोयाबीन आणि बाहेरून येणारा माल : आयात शुल्क व कोटा कसा वाचायचा

"पिवळ्या वाटाण्यावर ३० टक्के शुल्क, हरभऱ्याला तेजी." अशी ओळ मोबाइलवर फिरते. दुसऱ्या दिवशी बाजार समितीत भाव जागचा हलत नाही. माल धरून बसलेला शेतकरी आडत्याला विचारतो, शुल्क लागलं तर भाव का नाही चढला? आडत्यालाही नेमकं सांगता येत नाही.

उत्तर सरकारी कागदांत असतं आणि ते कागद कुणालाही मोफत बघता येतात. अडचण इतकीच की बातमीत फक्त टक्का येतो. माल कुठल्या अटीवर येणार, कुठल्या देशातून, कधीपर्यंत आणि बंदरावर तो कितीला पडणार, हे बातमीत येत नाही. टक्का एकटा काहीच सांगत नाही. शेतकरी उत्पादक कंपनीत नव्याने काम करणारे, डाळमिल सुरू करू पाहणारे तरुण आणि पेरणीआधी विचार करणारे शेतकरी, या सगळ्यांसाठी तो कागद वाचायचा क्रम इथे देतो आहे. उदाहरणं आपल्याकडच्याच पिकांची आहेत.

पायरी पहिली : मालाचा कोड शोधा

प्रत्येक मालाला आठ आकडी कोड असतो. त्यातले पहिले सहा आकडे जगभर सारखे, पुढचे दोन आपल्या देशाचे. वाळलेली कडधान्यं ०७१३ खाली येतात. त्यात तूर ०७१३ ६० ००, मसूर ०७१३ ४० ००, पिवळा वाटाणा ०७१३ १० १०. हरभरा ०७१३ २० खाली असून काबुली आणि देशी यांचे कोड वेगळे आहेत. सोयाबीन तेल १५०७, पामतेल १५११, सूर्यफूल तेल १५१२, कापूस ५२०१.

कोडपासून सुरुवात करायची, कारण नावावर विसंबलं की घोटाळा होतो. "डाळींवर शुल्क लागलं" या बातमीत कुठली डाळ? "खाद्यतेल स्वस्त होणार" यातलं तेल कच्चं की रिफाइंड? कच्च्या आणि रिफाइंड तेलाच्या शुल्कातल्या फरकावर इथल्या तेल गिरण्या चालतात किंवा बंद पडतात, म्हणजे हा प्रश्न किरकोळ नाही.

पायरी दुसरी : माल येऊ शकतो का, ते आधी बघा

शुल्काचा दर नंतर. आधी आयात धोरण बघायचं. ते विदेश व्यापार महासंचालनालय ठरवतं, म्हणजे डीजीएफटी. त्यांच्या अधिसूचनेत साधारण एक तक्ता असतो : कोड, मालाचं नाव, धोरण आणि धोरणाच्या अटी. धोरणाच्या रकान्यात बहुतेक वेळा तीनपैकी एक शब्द दिसेल. 'फ्री' म्हणजे कुणीही आणावं. 'रिस्ट्रिक्टेड' म्हणजे परवान्याशिवाय आणता येणार नाही. कोटा असतो तो इथेच. 'प्रोहिबिटेड' म्हणजे बंद.

बहुतेक लोक इथेच थांबतात. खरा मजकूर शेवटच्या, अटींच्या रकान्यात असतो. पिवळ्या वाटाण्याचंच बघा. डिसेंबर २०१९ मध्ये त्यावर ५० टक्के शुल्क तर होतंच, वर वर्षाला दीड लाख टनांचा कोटा, किलोला किमान २०० रुपये आयात किंमत आणि माल फक्त कोलकाता बंदरातूनच येईल अशी अट घातली गेली. एकाच दाराला चार कुलपं. परदेशात त्याहून किती तरी स्वस्त मिळणारा वाटाणा २०० रुपये किंमत दाखवून कोण आणणार? कागदावर कोटा होता, प्रत्यक्षात आयात थांबली. ८ डिसेंबर २०२३ रोजी ही सगळी कुलपं एकदम काढली गेली आणि शुल्कही शून्यावर आलं. पुढे मुदतवाढ मिळत गेली. २०२४-२५ या आर्थिक वर्षात देशाची कडधान्य आयात ७० लाख टनांच्या पुढे गेली आणि त्यात सर्वात मोठा वाटा याच वाटाण्याचा होता. बेसनात आणि डाळीत तो हरभऱ्याची जागा घेतो. त्यामुळे हरभरा पिकवणाऱ्याने हरभऱ्याच्या कोडइतकंच लक्ष वाटाण्याच्या कोडवर ठेवायला हवं.

शेजारच्या दोन डाळींचं धोरणही एकसारखं असेल असं समजू नका. मे २०२१ मध्ये तूर, उडीद आणि मूग तिन्हींची आयात मुक्त झाली. फेब्रुवारी २०२२ मध्ये एकटा मूग परत 'रिस्ट्रिक्टेड' यादीत गेला. तूर आणि उडीद खुलेच राहिले.

डाळमिलवाल्यांनी आणखी एक गोष्ट मनात पक्की ठेवावी. कोट्याबाहेर आणलेला माल न्यायालयातून सुटेल या भरवशावर काही व्यापाऱ्यांनी जहाजं मागवली होती. सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये कोट्याच्या अधिसूचना वैध ठरवल्या आणि १७ जून २०२१ च्या निकालात असा वाटाणा जप्तीस पात्र ठरवला. कोटा म्हणजे कोटा. दंड भरून माल सोडवू, हा हिशोब धरू नये.

पायरी तिसरी : कोटा बंदीचा आहे की सवलतीचा?

'कोटा' या एकाच नावाखाली दोन वेगळ्या गोष्टी वावरतात.

पहिला बंदीचा कोटा. तुरीवर ५ ऑगस्ट २०१७ पासून वर्षाला दोन लाख टनांची मर्यादा आली, ती या प्रकारची. मर्यादेपलीकडे माल येऊच शकत नाही. पुढच्या वर्षांत हा कोटा फक्त डाळमिलवाल्यांना वाटला जाई, निव्वळ व्यापार करणाऱ्याला नाही.

दुसरा सवलतीचा. याला टॅरिफ रेट कोटा, थोडक्यात टीआरक्यू म्हणतात. ठरावीक टनांपर्यंत कमी शुल्क आणि त्यापुढे पूर्ण शुल्क. माल अडत नाही, महाग होतो. दूध भुकटीला १० हजार टनांपर्यंत १५ टक्के, त्यापुढे ६० टक्के. मक्याला ५ लाख टनांपर्यंत १५ टक्के, त्यापुढे ५० टक्के. असा कोटा वाटण्यासाठी अर्ज डीजीएफटीच मागवते आणि कुणाला मिळेल याच्या अटीही घालते. दूध भुकटीसाठी तर आणणाऱ्या संस्थाच ठरवून दिलेल्या असतात.

जून २०२४ मध्ये हा दूध भुकटीचा कोटा खुला झाला तेव्हा दूध उत्पादकांत मोठी घबराट झाली. आधीच भाव पडलेले असताना ही बातमी आली, म्हणून राग स्वाभाविक होता. पण आकडा मोजून बघा. १० हजार टन भुकटी म्हणजे ढोबळमानाने एक लाख टन दूध. देशात वर्षाला सुमारे २४ कोटी टन दूध होतं, म्हणजे दिवसाला साडेसहा लाख टन. आयातीचा हा कोटा एका दिवसाच्या दुधाच्या सहाव्या-सातव्या हिश्शाएवढा भरतो. भाव पडायची कारणं दुसरीकडे होती आणि आंदोलनाचा जोर तिकडे लावायला हवा होता. कोट्याचा आकडा नेहमी देशाच्या उत्पादनाशेजारी ठेवून बघा. उलट तुरीत, साधारण ३५ लाख टन उत्पादनाच्या देशात २०२४-२५ मध्ये १० लाख टनांहून जास्त तूर बाहेरून आली. हा आकडा खरोखर भाव हलवतो.

पायरी चौथी : एकूण दर काढा

'सीमाशुल्क' म्हणून जो टक्का दिसतो तो अनेक तुकड्यांनी बनतो. मूळ सीमाशुल्क एक. त्यावर कृषी पायाभूत सुविधा उपकर, व्यापारी ज्याला ॲग्री सेस म्हणतात. तो २०२१ च्या अर्थसंकल्पात आला. मग समाज कल्याण अधिभार. हा अधिभार मालाच्या किमतीवर लागत नाही, वरच्या दोन शुल्कांच्या रकमेवर १० टक्के लागतो. काही मालाला तो माफ असतो.

कच्च्या सोयाबीन तेलाचं उदाहरण घ्या. ३१ मे २०२५ च्या कपातीनंतर मूळ शुल्क १० टक्के, उपकर ५ टक्के, मिळून १५. त्याच्या १० टक्के म्हणजे दीड. एकूण १६.५ टक्के. त्याआधी, सप्टेंबर २०२४ पासून, मूळ शुल्क २० टक्के होतं आणि एकूण २७.५ टक्के बसत होतं. रिफाइंडवर दोन्ही वेळा ३५.७५ टक्केच राहिलं. म्हणजे बातमीत '१० टक्के कपात' आली तरी खरी कपात ११ टक्क्यांची होती. शिवाय कच्च्या-रिफाइंडमधला फरक सव्वाआठवरून सव्वाएकोणीस टक्क्यांवर गेला. तेल गिरण्यांना तो निर्णय गोड लागला आणि सोयाबीन उत्पादकांना कडू, त्यामागे हे गणित आहे.

खाद्यतेलात आणखी एक बारकावा आहे. पाम आणि कच्च्या सोया तेलावर शुल्क बिलातल्या किमतीवर न लागता सरकार दर पंधरवड्याला जाहीर करतं त्या टॅरिफ मूल्यावर लागतं. डॉलरचा दरही सीमाशुल्क विभागाने जाहीर केलेलाच धरायचा.

शुल्काच्या अधिसूचना केंद्रीय अप्रत्यक्ष कर व सीमाशुल्क मंडळ काढतं. धोरण एका खात्याचं, दर दुसऱ्या खात्याचा. दोन्ही संकेतस्थळं बघितल्याशिवाय चित्र पूर्ण होत नाही. शुल्काच्या मूळ कायद्यातल्या पुस्तकी दरावर जाऊ नका. बहुतेक वेळा सूट देणाऱ्या अधिसूचनेतला दरच लागू असतो.

दर वाढवायलाही एक छत आहे. जागतिक व्यापार संघटनेत भारताने प्रत्येक शेतमालाच्या शुल्काची कमाल मर्यादा कबूल केली आहे. पामतेलाची मर्यादा ३०० टक्के, सोयाबीन तेलाची मात्र फक्त ४५ टक्के. "सोया तेलावर १०० टक्के शुल्क लावा" ही मागणी म्हणूनच पुढे सरकत नाही.

पायरी पाचवी : माल कुठल्या देशाचा?

सर्वसाधारण दर असतो, तसे देशागणिक सवलतीचे दरही असतात. मोझांबिक, मलावी, टांझानिया, म्यानमार हे अल्पविकसित देशांच्या यादीतले आहेत आणि त्यांच्या बऱ्याच मालाला भारत शुल्कात सूट देतो. आपली बाहेरची तूर मुख्यतः याच पट्ट्यातून येते. मोझांबिकबरोबर वर्षाला दोन लाख टन, मलावीबरोबर ५० हजार टन आणि म्यानमारबरोबर एक लाख टन तुरीचे सामंजस्य करार २०२१-२२ ते २०२५-२६ या वर्षांसाठी झाले होते. त्याआधी तुरीवर कोटा होता तेव्हाही सरकारी करारातली तूर त्या मोजणीबाहेर होती.

ऑस्ट्रेलियाबरोबरचा करार २९ डिसेंबर २०२२ पासून लागू आहे. त्यात मसुराला दीड लाख टनांपर्यंत निम्मं शुल्क, लांब धाग्याच्या कापसाला ५१ हजार टनांपर्यंत शून्य शुल्क, संत्रा-मोसंबी वर्गातल्या फळांना १३,७०० टनांपर्यंत सवलत आहे. हरभरा या करारात नाही. नागपूर-अमरावतीच्या संत्रा बागायतदारांनी फळांचा हा आकडा माहीत करून घ्यावा.

आणि नेपाळ. दक्षिण आशियाई करारामुळे तिथून रिफाइंड तेल शून्य शुल्कात येतं. नेपाळात ना पामच्या बागा, ना एवढं सोयाबीन. कच्चं तेल बाहेरून आणून तिथे शुद्ध करतात आणि ते भारतात येतं. इथलं शुल्क वाढलं की तिकडून येणारं तेल वाढतं. अशाच प्रकारांमुळे २०२० मध्ये उत्पत्ती प्रमाणपत्राचे, म्हणजे माल कुठल्या देशात तयार झाला ते सांगणाऱ्या कागदाचे, नियम कडक केले गेले. प्रमाणपत्र आहे एवढं पुरत नाही. त्या देशात मालावर नक्की काय प्रक्रिया झाली याची माहिती आयातदाराकडे असावी लागते.

पायरी सहावी : तारीख

सगळ्यात जास्त फसगत इथेच होते, म्हणून सावकाश वाचा.

शुल्काचा दर साधारणपणे बिल ऑफ एंट्री, म्हणजे आयातदार सीमाशुल्क विभागाकडे भरतो तो कागद, दाखल झाली तो दिवस किंवा जहाजाला बंदरात प्रवेश मिळाला तो दिवस, यातला जो नंतरचा त्या दिवसाचा लागतो. पण धोरण बदललं, 'फ्री' माल 'रिस्ट्रिक्टेड' झाला, तर बघितली जाते ती बिल ऑफ लेडिंगची तारीख, म्हणजे परदेशात माल जहाजावर चढला ती. शिवाय एखादी शुल्क-सूटही बिल ऑफ लेडिंगला बांधलेली असू शकते. पिवळ्या वाटाण्यावर १ नोव्हेंबर २०२५ पासून ३० टक्के शुल्क आलं, पण ३१ ऑक्टोबरपर्यंतची बिल ऑफ लेडिंग असलेला माल शून्य शुल्कात सुटणार होता. कॅनडा किंवा रशियाहून निघालेलं जहाज यायला काही आठवडे लागतात. म्हणजे शुल्क 'लागू' झाल्यावरही बराच काळ बिनशुल्काचा माल बंदरावर उतरत राहतो आणि त्यानंतर तो गोदामातून विकला जातो. बातमी आली तरी भाव का चढला नाही, याचं अर्धं उत्तर हे.

म्हणूनच शुल्कवाढीचा परिणाम उशिरा येतो. कपातीचा मात्र त्याच आठवड्यात दिसतो, कारण स्वस्त माल येणार हे कळताच गिरणीवाला खरेदीचा हात आखडता घेतो.

तारखेचा सर्वात कडू अनुभव २०१६-१७ च्या तुरीचा. देशाचं उत्पादन आदल्या वर्षीच्या पंचवीस-सव्वीस लाख टनांवरून ४८ लाख टनांवर गेलं. हमीभाव ५,०५० रुपये होता, बाजारात त्याच्या खाली भाव. खरेदी केंद्रांवर ट्रॅक्टरच्या रांगा, बारदाना संपलेला, लोक पोत्यांवर झोपलेले. त्या सगळ्या काळात आयात खुली होती. १० टक्के शुल्क आलं मार्चच्या शेवटी आणि कोटा आला ऑगस्टमध्ये. तोवर लहान शेतकऱ्याची तूर विकून झाली होती. निर्णय योग्य होता, पण ज्याच्यासाठी घेतला त्याच्या हाती माल उरला नव्हता. हे पुन्हा होऊ नये असं वाटत असेल तर मुदती आधीपासून वहीत लिहून ठेवायला हव्यात. कडधान्यांच्या बऱ्याच सवलती ३१ मार्चला संपतात किंवा वाढवल्या जातात, म्हणजे फेब्रुवारीपासून रोज अधिसूचना बघायची.

पायरी सातवी : पडतळ काढा

आता सगळं एकत्र. बाहेरचा माल इथे कितीला पडतो ते काढायचं. खालचे भाव हिशोबासाठी धरलेले आहेत. तुम्ही त्या दिवसाचे घ्या.

पिवळा वाटाणा बंदरपोच टनाला ३५० डॉलर, डॉलर ८५ रुपये. टनाला २९,७५० रुपये, म्हणजे क्विंटलला २,९७५. त्यावर ३० टक्के शुल्क ८९२ रुपये ५० पैसे. बंदर, हमाली, गोदाम, बँक मिळून १५० धरा. पडतळ सुमारे ४,०१८ रुपये. २०२६-२७ च्या रब्बी विपणन हंगामासाठी हरभऱ्याचा हमीभाव ५,८७५ रुपये. ३० टक्के शुल्क भरूनही वाटाणा हमीभावापेक्षा साडेअठराशेने स्वस्त. हेच उत्तराचं दुसरं अर्धं. या भावाला वाटाणा हरभऱ्याच्या हमीभावाला भिडवायचा तर शुल्क ९० टक्क्यांच्या वर लागेल, किंवा कोटा तरी हवा.

वाटाणा आणि हरभरा अगदी एक नाहीत, ग्राहक चवीत फरक करतो, त्यामुळे साडेअठराशेचा सगळा दाब हरभऱ्यावर येत नाही. पण दिशा कळते.

दुसरं गणित सोयाबीनचं. कच्चं सोया तेल टनाला १,१०० डॉलर, म्हणजे ९३,५०० रुपये. शुल्क २७.५ वरून १६.५ टक्क्यांवर आलं की टनामागे १०,२८५ रुपये कमी, किलोमागे साधारण सव्वादहा. एक क्विंटल सोयाबीनमधून सुमारे १८ किलो तेल निघतं. म्हणजे कपातीचा थेट फटका क्विंटलला १८५ रुपयांच्या आसपास. भाव त्याहून जास्त पडला तर जगातल्या पेंडीच्या भावाकडे बघा, कारण सोयाबीनचा मोठा भाग पेंडच असते. सोयाबीन उत्पादकाने तेलाइतकंच पेंडीच्या निर्यातीकडे बघावं, असं मी प्रत्येक बैठकीत सांगतो.

पायरी आठवी : प्रत्यक्ष आयात करणार असाल तर

थोडक्यात सांगतो. डीजीएफटीकडून आयात-निर्यात कोड, बँकेच्या एडी कोडची (परकी चलनाचे व्यवहार करणाऱ्या अधिकृत बँकेचा क्रमांक) बंदरावर नोंदणी, अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा आयातदार परवाना, वनस्पती संगरोध विभागाचा आयात परवाना, आणि माल पाठवणाऱ्या देशाचं कीडमुक्ततेचं प्रमाणपत्र. काही मालासाठी आयात निरीक्षण नोंदणीही लागते. पहिला सौदा कोटा असलेल्या मालात करू नका. न्हावाशेव्याला काम करणारा, कडधान्याचा अनुभव असलेला कस्टम हाउस एजंट, म्हणजे बंदरावर माल सोडवण्याची कागदपत्रं करणारा, आधी गाठा आणि सौद्यापूर्वी त्याच्याकडून कोड, दर आणि अटी लेखी घ्या.

पायरी नववी : निवेदन नेमकं लिहा

"आयात बंद करा" असं निवेदन फायलीत जातं. त्याऐवजी कोड लिहा, आजचं धोरण आणि एकूण दर लिहा, त्या आठवड्याची पडतळ आणि तुमच्या बाजार समितीतला सरासरी भाव शेजारी-शेजारी मांडा. मग मागणी : अमुक टक्के शुल्क, किंवा अमुक टनांचा कोटा, अमुक तारखेपासून पुढच्या काढणीपर्यंत, आणि बिल ऑफ लेडिंगची सूट कमीत कमी दिवसांची. निर्णय पेरणीआधी जाहीर व्हावा हेही लिहा, म्हणजे काय पेरायचं ते ठरवता येतं. कृषी खर्च व मूल्य आयोग हमीभावाच्या शिफारशी करताना राज्याराज्यांतल्या शेतकऱ्यांचं म्हणणं ऐकतो आणि त्याच्या अहवालांत आयात शुल्काचाही विचार असतो. खरिपाचं म्हणणं खरिपाच्या बऱ्याच आधी तिथे पोचायला हवं. एक प्रत खासदारांना द्या. अधिवेशनात प्रश्न विचारायला त्यांना कोड आणि आकडा दोन्ही लागतात.